भोवरा आणि भोवणे

माळा आवरताना सापडलेल्या लाकडी भोवऱ्याला परवा नवी जाळी, म्हणजे फिरवायची दोरी, गुंडाळली. आरेजवळचा, म्हणजे टोकाच्या खिळ्याजवळचा, पहिला वेढा सैल राहिला तर भोवरा फिरण्याऐवजी कुशीवर घरंगळतो, म्हणून तो करकचून घ्यावा लागतो, एवढे हाताला अजून आठवत होते. फेकलेला भोवरा शहाबादी फरशीवर एका जागी स्थिरावून गुणगुणू लागला आणि माझ्या डोक्यात त्याचे नावच फिरू लागले.

संस्कृतात 'भ्रमर' म्हणजे भुंगा. पण त्यालाच 'क' जोडून झालेला 'भ्रमरक' हा भुंग्याखेरीज पाण्यातला भोवरा, कपाळावर रुळणारी कुरळी बट आणि फिरवायचे खेळणे या साऱ्यांचे नाव आहे. मराठीने कपाळावरची बट सोडली, मात्र टाळूवरच्या केसांचा भोवरा राखला आणि ज्याला असे दोन भोवरे त्याची दोन लग्ने होतात, अशी पुस्तीही वर जोडली. 'ग्राम'चे गाव आणि 'नाम'चे नाव होताना 'म'चा 'व' झाला, तसाच तो 'भ्रमरक'चा भोवरा होतानाही झाला. जुन्या पुस्तकांत गांव, नांव, भोंवरा असे छापलेले दिसते. तो अनुस्वार म्हणजे 'म'ने जाता जाता नाकात ठेवलेली खूण होती. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्यात तीही पुसली गेली. लिहिणाऱ्यांची सोय झाली हे खरे, तरी त्या टिंबाची मला हळहळ वाटते.

भोवळ, भोवती, भोवताल ही सारी 'भ्रम्' म्हणजे फिरणे या धातूचीच प्रजा. तिच्यातल्या 'भोवणे' या क्रियापदाचे नशीब मात्र विचित्र आहे. जुन्या मराठीत भोवणे म्हणजे फिरणे, गरगरणे; आज 'पंखा भोवतो' म्हटले तर ऐकणारा आपल्याकडेच रोखून पाहील. फिरण्याचे काम इतर क्रियापदांनी बळकावले आणि भोवण्याच्या वाट्याला केवळ फिरून अंगावर येणे उरले. त्यामुळे ते आता 'निष्काळजीपणा भोवला' अशा मथळ्यांतच भेटते, किंवा आईच्या तोंडी.

"या वयात घरात भोवरा खेळतोयस, भोवेल हं," असे ती स्वयंपाकघरातून म्हणाली, तोवर मी दुसऱ्यांदा जाळी गुंडाळली होती. या खेपेस आर फरशीच्या कडेवर आदळली. उडालेला टवका मी तूर्तास पायपुसण्याखाली झाकला आहे.