एकाच मृत्यूचे दोन जबाब

नागपुरातून मर्चंट नेव्हीत जाणारी मुलं कमी नाहीत. कोर्स कुठला, कंपनी कुठली, सगळं विचारून जातात. जहाजावर माणूस दगावला तर पुढे चौकशी कशी होते, कोण काय विचारतं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी त्यातून गेलो आहे, म्हणून लिहितो.

परदेशात नोंदलेल्या, म्हणजे परदेशी झेंड्याच्या, एका बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) मी थर्ड ऑफिसर होतो. कोळसा भरून आलेलं जहाज भारताच्या पूर्व किनाऱ्यावर एका बंदराबाहेर नांगरावर उभं होतं. होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या तळघरात, उतरायच्या शिडीला वरून झाकण असतं, चारी बाजूंनी पोलादी भिंती असतात. त्या जागेत आमचा एक तरुण खलाशी उतरला आणि अर्ध्या शिडीवरच कोसळला. दुसरा त्याच्यामागे उडी घ्यायला निघाला होता, त्याला आम्ही धरून ठेवलं. श्वसनयंत्र लावून पहिल्याला वर काढलं तोवर तो गेला होता.

बाबांची सगळी नोकरी वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये), सावनेरच्या भूमिगत खाणीत झाली. फोनवर मी सांगायला लागलो आणि त्यांना पुढचं सांगावंच लागलं नाही. "बंद गॅलरीत असंच होते रे," एवढंच म्हणाले. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. एरवी हवेत तो 20.9 टक्के असतो. 10 टक्क्यांच्या खाली गेला की माणूस शुद्ध हरपतो. गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड वाढला की होते, नुसता ऑक्सिजन घटला तर शरीर इशाराच देत नाही. वास नाही, खोकला नाही. आणि मदतीला धावलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो. जगभर अशा जागांमध्ये हेच पुन्हा पुन्हा घडत आलं आहे.

पहिला जबाब जहाजावरच झाला. झेंड्याच्या देशाने पाठवलेला तपास अधिकारी आला, मेसमध्ये बसला आणि प्रश्नांच्या आधी त्याने मला एक कागद वाचून दाखवला. हा तपास दोषी ठरवण्यासाठी नाही, असा अपघात पुन्हा होऊ नये यासाठी आहे. वकिलाचा सल्ला घेता येईल. स्वतःवर बालंट येईल असं उत्तर देण्याची सक्ती नाही. ही त्या माणसाची मेहेरबानी नव्हती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2008 मध्ये अपघात-तपासाची संहिता मंजूर केली, 1 जानेवारी 2010 पासून ती बंधनकारक आहे, आणि खलाशांचे हे हक्क तिच्यात लिहिलेले आहेत.

मग त्याने विचारलं, "रोज हे काम कसं करता?" मी बराच वेळ बोललो. उतरण्याआधी आतली हवा तपासायच्या गॅस मीटरची नळी तळापर्यंत पोचत नव्हती. जहाजावरच्या बंदिस्त जागांच्या यादीत ही शिडी नव्हती. अशा जागेत उतरायच्या परमिटचे कागद पुष्कळदा काम उरकल्यावर भरले जायचे, कारण बंदरात लागायच्या आधी सगळ्यांनाच घाई असते. हे कुणाचं नाव घेऊन सांगावं लागलं नाही. त्यालाही नाव नको होतं, त्याला नळीची लांबी हवी होती.

काही महिन्यांनी घरी नोटीस आली. मृत्यू भारतीय किनाऱ्याजवळ झालेला, म्हणून इथल्या कायद्यानुसार प्राथमिक चौकशी. रात्रीच्या दुरांतोने मुंबईला गेलो. तेव्हा 1958 चा व्यापारी जहाज कायदा लागू होता. त्यात प्राथमिक चौकशीनंतर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे औपचारिक चौकशीसाठी जाऊ शकत होतं, आणि जहाजावरच्या अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट, ज्यावर त्याची नोकरी चालते, ते निलंबित किंवा रद्द होऊ शकत होतं. वकिलांनी सांगितलं, विचारतील तेवढंच बोला.

चौकशी करणारे अधिकारी सभ्य होते, पाणी दिलं, घाई केली नाही. पण प्रश्न असे होते: सही कुणाची? किती वाजता? हुकूम कुणी दिला? प्रत्येक उत्तर मी खरं दिलं. नळीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. समोर बसलेल्या माणसाच्या कागदावरून आपली रोजीरोटी जाऊ शकते हे ठाऊक असताना माणूस मन मोकळं करत नाही. तो खोटं बोलतो असं नाही, तो आखडतो. आणि पुढचा मृत्यू टळेल अशी माहिती नेमकी त्याने न बोललेल्या भागात राहते.

त्या दिवसापासून मला हे पक्कं वाटतं की शिक्षेची चौकशी आणि सुरक्षेचा तपास एका छताखाली असूच नये. शिक्षा नको असं मी म्हणत नाही. निष्काळजीपणाने माणूस मेला तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. पण जे प्रशासन जहाजांची तपासणी करतं, आमची सर्टिफिकेटं देतं आणि काढून घेतं, त्यानेच अपघाताचं कारण शोधायचं म्हटलं तर स्वतःची तपासणी कुठे कमी पडली हे ते कसं लिहिणार?

आपल्याकडे हे कळत नाही असं नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. रेल्वेने स्वतःचा तपास स्वतः करू नये एवढाच हेतू. रेल्वेच्या या गावात माझ्या अर्ध्या मित्रांच्या घरात कुणीतरी रेल्वेत आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. विमानांसाठी 2012 पासून वेगळा ब्यूरो आहे. 12 जून 2025 ला अहमदाबादला विमान पडलं आणि महिनाभरात प्राथमिक अहवाल सगळ्या देशाने वाचला. ब्रिटनमध्ये 1987 साली पुढचं दार उघडं ठेवून निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट उलटली, 193 माणसं गेली; दोन वर्षांत त्यांनी सागरी अपघातांसाठी वेगळी तपास शाखा उभी केली.

डिसेंबर 2024 मध्ये नवं व्यापारी जहाज विधेयक लोकसभेत मांडलं गेलं तेव्हा मी निवेदन लिहून पाठवलं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ते मंजूर केलं. पण कायद्यापेक्षा नियम महत्त्वाचे, म्हणून नियमांसाठीही मी तेच मागतो आहे. तपास करणारा ब्यूरो जहाज प्रशासनाबाहेर असावा. सुरक्षा-तपासात दिलेला जबाब सर्टिफिकेटच्या किंवा फौजदारी प्रकरणात वापरता येऊ नये. प्रत्येक मृत्यूचा अहवाल जाहीर व्हावा, आणि मृताच्या घरच्यांना तो मागत फिरायला लागू नये.

तोवर, ज्यांना नोटीस येईल त्यांच्यासाठी: आधी लेखी विचारा की ही चौकशी कुठल्या कलमाखाली आहे आणि माझा जबाब कुठे कुठे जाऊ शकतो. जबाबाची प्रत मागा. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीत किंवा हिंदीत बोलू द्या म्हणा, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. जहाजावरून उतरण्याआधी तारखा, वेळा, मीटरचे आकडे स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. माझ्याकडे ते होते, म्हणून दोन्ही जबाबांत माझ्या वेळा जुळल्या.