झेन अपडेट: पंप नवा, पट्टा नवा आणि तरीही चिवचिव

मंडळी, माझ्या मारुती झेन गाडीची चिवचिव बंद झाली. काल रात्री पावणेअकराला. ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना माहितीये की वॉटर पंपाच्या वीप होलमधून (सील गेलं की गळती बाहेर दाखवणारं छोटं भोक) थेंब थेंब कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, येत होतं, पुली धरून हलवली की बेरिंगचा प्ले (ढिलेपणा) हाताला कळत होता, आणि मी लिहिलं होतं की येत्या रविवारी पंप आणि तो फिरवणारा पट्टा दोन्ही बदलून मोकळा होतो. त्या रविवारला आता सोळा दिवस झाले, मधे टायमिंग बेल्टचं (क्रँक आणि कॅम जुळवून फिरवणाऱ्या वेगळ्या पट्ट्याचं) कव्हर दोनदा उघडून झालं, म्हणून हे जरा लांबणार आहे.

पहिला रविवार थोडक्यात. ड्रायव्हर साइडचं चाक काढलं, गाडी स्टँडवर घेतली (जॅकवर काम करू नका, कितीही घाई असली तरी), आतलं एप्रन (चाकामागचं झाकण) काढलं, एसीचा पट्टा उतरवला, मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) ढिला करून मेन पट्टा. क्रँक पुलीचे (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली) बाजूचे छोटे बोल्ट काढले की पुली हातात येते, मधल्या मोठ्या बोल्टला हात लावायची गरजच नाही, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती. कव्हर काढून टायमिंग बेल्ट उतरवायच्या आधी खुणा जुळवल्या, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चाकाची खूण हेड कव्हरवरच्या व्ही समोर, क्रँकचा पंच ऑइल पंपावरच्या बाणासमोर, आणि शिवाय त्या बेल्टवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. टायमिंग बेल्ट पंधरा हजारच चाललेला म्हणून तोच परत लावायचं ठरवलं. यावर पुढे येतो.

जुना पंप बाहेर आला तेव्हा खरंच वाईट वाटलं. इंपेलरची (कूलंट ढकलणारं चक्र) पाती कडेनं खाल्लेली, मागे तपकिरी गाळ. अख्खं इंजिन अॅल्युमिनियमचं, आणि आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं त्यात बोअरिंगचं पाणी घातलेलं. आमच्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे गाडी धुवायला आणि रेडिएटरला सगळे बोअरिंगचंच वापरतात. जे पाणी बादलीच्या कडेला पांढरा थर धरतं ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय करत असेल बघा. कूलंट म्हणजे नुसता हिरवा रंग नव्हे, त्यात गंज थांबवणारी रसायनं असतात आणि त्यानं उकळबिंदूही वर जातो. डिस्टिल्ड पाणी महाग नाही, बॅटरीवाल्याकडे मिळतं, तेच वापरा.

असो. नवा पंप, नवं पॅकिंग, नवा चार रिबचा (उभ्या धारांचा) पट्टा. बोल्ट दहा-बारा न्यूटन मीटरलाच कसायचे असतात, आणि मोठा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं बोल्ट कसायचा पाना) एवढ्या खाली भरवशाचा नसतो, म्हणून मी लहान पाव इंची वेगळा घेतलाय. अॅल्युमिनियममधे बोल्ट अंदाजानं आवळायचा नाही हे माझं ठाम मत. कूलंट भरलं, चावी फिरवली, आणि पहिल्या दहा सेकंदात चिव चिव चिव चिव. अगदी चिमणीसारखं, आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) जास्त, रेस दिली की मिसळून जाणारं.

इथून पुढचे सोळा दिवस त्या आवाजाचे.

ज्याला विचारावं तो म्हणे पट्टा टाइट कर. शेजारचे काका, ओळखीचा मिस्त्री, चहावाला सुद्धा. मी आधीच मोजून ठेवला होता, पंप आणि अल्टरनेटरच्या मधे अंगठ्यानं दाबला की सहा-सात मिमी जात होता, म्हणजे बरोबर होता. तरी मिस्त्रीनं येऊन पहार लावून अल्टरनेटर ओढला आणि कसला, चिवचिव थोडी कमी झाली पण त्याजागी बारीक घूं असा आवाज सुरू झाला. तो बेरिंगवर येणारा ताण. तो गेल्यावर मी लगेच परत ढिला केला. नव्या पंपाचं बेरिंग पहिल्याच आठवड्यात मारायचं नव्हतं मला.

मग पाण्याची टेस्ट केली. इंजिन चालू, बाह्या वर, हात लांब, आणि स्प्रेच्या बाटलीनं पट्ट्याच्या रिबवाल्या बाजूवर फवारा. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे टेन्शन कमी. आवाज गेला आणि थोड्या वेळानं परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. माझ्याकडे चार-पाच सेकंद पूर्ण शांतता आणि मग परत चिवचिव. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे अलाइनमेंट.

आता ही लाइन मोजायची कशी. लेझरवाली टूल मिळतात पण एका गाडीसाठी तेवढे पैसे नाही घालवणार. मुलीच्या दप्तरातली तीस सेमीची स्टीलची पट्टी घेतली, क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवली आणि पंपाच्या पुलीकडे नेली. पट्टी बसेच ना. पंपाची पुली बाहेर आलेली, पट्टी तिच्यावर टेकायची आणि क्रँककडे फट राहायची. अल्टरनेटर आणि क्रँक मात्र एकमेकांशी नीट जुळत होते. फटीत फीलर गेजची (फट मोजायचं साधन) पानं एकावर एक लावत गेलो, दोन मिमीच्या वर. रिब्ड पट्ट्याला एवढ्या जवळ बसलेल्या पुल्यांमधे दोन मिमी खूप होतात, पट्टा प्रत्येक फेरीला तिरका आत शिरतो आणि रिब कडेला घासते, तोच आवाज. पट्ट्याच्या एका कडेला काळी भुकटी जमायलाही लागली होती, बोटावर घेऊन बघितली, रबरच.

आधी शंका पॅकिंगवर. जुनं पॅकिंग खाली राहिलं असेल का? पण तो फेस मी ब्लेडनं आणि मग थिनरच्या फडक्यानं साफ केलेला, फोटो आहेत, आणि पॅकिंग दोन मिमी जाड नसतंच. मग पुली वाकडी आहे का बघितलं, हातानं फिरवून समोर पेन्सिल धरली, टोकाशी अंतर सगळीकडे सारखं. पुली सरळ, पण अख्खीच बाहेर. यात तीन संध्याकाळी गेल्या.

चौथ्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते, त्यांनी विचारलं, "अरे, जुना पंप कुठाय?" भंगारच्या गोणीत होता, नशीब भंगारवाला आला नव्हता. बाबांचा मिटुटोयोचा व्हर्नियर (ते कारखान्यात होते तेव्हापासूनचा, अजून डोळे झाकून विश्वास ठेवावा असा) काढला आणि जुन्या पंपाचा माउंटिंग फेस (इंजिनला टेकणारी बाजू) ते हबचा (ज्यावर पुली बसते तो भाग) फेस अंतर मोजलं. मग गाडीत बसलेल्या नव्याचं, कव्हरच्या फटीतून, जमेल तसं. फरक दोन पूर्णांक दोन मिमी. हबच शाफ्टवर कमी दाबून बसवलेला, डब्यावर मात्र पार्ट नंबर बरोबर. बाबांनी व्हर्नियर पुसून डबीत ठेवला आणि "आता झोप" म्हणाले. त्या रात्री मला खूप दिवसांनी शांत झोप लागली, कारण कारण सापडलं होतं.

आता उपाय. पहिला विचार, पुली लेथवर दोन मिमी उतरवून घ्यावी. मग लक्षात आलं की पुढच्या वेळी योग्य पंप लावला की तीच पुली आत जाईल, म्हणजे एका चुकीसाठी दुसरी कायमची चूक. दुसरा विचार, हब प्रेसवर आत दाबून घ्यावा. लेथवाले दादा म्हणाले करून देतो, पण शाफ्टला मागून आधार नीट नाही मिळाला तर दाब बेरिंगवर आणि सीलवर जाईल, इंपेलर मागे घासू शकतो, गॅरंटी नाही. प्रामाणिक माणूस. तो विचार तिथेच सोडला.

मग जुना पंप, व्हर्नियर आणि बिल पिशवीत घालून दुकानात. दुकानदार आधी म्हणाला, "भिया, इसमें तो कभी शिकायत नी आई, बेल्ट टाइट करवा लो." मी काही न बोलता काउंटरवर जुना पंप ठेवून मोजून दाखवला, मग त्याच्याच शेल्फवरचा त्याच डब्यातला दुसरा, तोही दोन मिमी जास्त. मग तो स्वतःच आत गेला आणि दोन वेगळ्या मेकचे डबे घेऊन आला. एक किंचित कमी, आणि एक जुन्याशी एक दशांश मिमीच्या आत जुळणारा. हे तीन पंप काउंटरवर ओळीनं उभे, बाजूला माझा गंजका जुना, आणि दुकानदार स्वतः व्हर्नियर वाचतोय, हा क्षण मी विसरणार नाही. फरकाचे पैसे घेऊन बदलून दिला, वर म्हणाला पुढचा माल आला की मोजून घेईन. मेकचं नाव नाही लिहीत, कारण प्रत्येक लॉट वेगळा असू शकतो, तुम्ही तुमचा मोजा. दुकानातच, डबा उघडून, जुना शेजारी ठेवून.

शनिवारी परत सगळं उघडलं. आणि इथे प्लॅन बदलला. टायमिंग बेल्टच्या खालच्या भागाला जुन्या गळतीचं कूलंट लागून हिरवट थर धरलेला, पहिल्या वेळी दिव्याच्या उजेडात मला तो दिसलाच नव्हता. पट्ट्याचं वय पंधरा हजार असो की पाच, भिजलेला पट्टा परत लावायचा नाही. सो टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (त्याला ताण देणारी पुली) दोन्ही नवे आणले, बेल्ट बसवून क्रँक हातानं दोन फेऱ्या घड्याळाच्या दिशेनं फिरवला, मग टेन्शनर कसला आणि खुणा परत तपासल्या. दोन्ही खुणा जागेवर. काय सुख असतं ते!

थर्मोस्टॅटही (ठरावीक तापमानाला कूलंटची वाट उघडणारी झडप) काढलाच होता म्हणून स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्यात पाण्यात टांगून, थर्मामीटर लावून बघितला. त्यावर ८२ कोरलेलं, आणि त्र्याऐंशीच्या आसपास उघडायला लागला, म्हणून तोच ठेवला. (ते पातेलं आता गॅरेजचं, परत ओट्यावर जाणार नाही.)

मेन पट्टा चढवायच्या आधी स्टीलची पट्टी परत टेकवली. क्रँक, पंप, अल्टरनेटर, तिन्हींवर सपाट. केस सुद्धा जाणार नाही अशी. पट्टा मात्र नवाच घेतला, आधीच्याची कड झिजलेली होती. कूलंट अर्धं, डिस्टिल्ड पाणी अर्धं, हीटर फुल गरमवर, कॅप उघडी, आणि आयडलवर रेडिएटरचा वरचा होज (नळी) दाबत हवा काढत बसलो. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, मी भरत राहिलो, आणि मग रेडिएटरचा पंखा स्वतःहून लागला, थांबला, परत लागला. कॅप लावली. पट्ट्याचा आवाज शून्य. बाबा आतून म्हणाले, "बंद पडली का रे?"

आज सकाळी थंड इंजिनवर वीप होलखाली पांढरा कागद ठेवून बघितला, कोरडा. रिझर्व्ह टँकची पातळी बोटभर उतरली, हवा बाकी असेल, भरली. पट्ट्याचं टेन्शन दीडशे किलोमीटरवर परत बघणार, नवा पट्टा थोडा सैल होतोच. रविवारी सिमरोलचा घाट उतरून चोरलपर्यंत जातो आणि एसी लावून परत चढतो, टेम्परेचरचा काटा कुठे राहतो ते लिहीन. आणि हे लिहिता लिहिता सुचलं की थर्मोस्टॅटच्या जवळ स्वस्तातला डिजिटल टेम्परेचर प्रोब लावता येईल, गाडीच्या काट्यावर आकडे नसतात. कोणी झेनला लावला असेल तर सेन्सर कुठे बसवला ते सांगा, घाटाच्या आधी बसवायचाय.