दाखल्यातला 'काळीपरज'

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात भाषांतराची कामं करते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, क्वचित एखादी पत्रिका. नवापूरकडची एक मुलगी वडिलांसोबत आली. वडील मकरपुऱ्यात कारखान्यात कामाला. पणजोबांचा सोनगडच्या शाळेचा १९३१ चा गुजराती दाखला मराठीत करून हवा होता; महाराष्ट्रात जात पडताळणीला १९५० पूर्वीचा कागद म्हणजे सोनंच.

ज्ञातीच्या रकान्यात होतं, 'काळीपरज गामीत'. मी यंत्रासारखं टाइप केलं, 'काळी प्रजा, गामीत'. मुलगी शेजारी बसून स्क्रीन बघत होती.

"ताई, काळी?"

मी ओशाळले. वीस वर्षांत या शब्दाकडे नीट पाहिलंच नव्हतं. परज म्हणजे प्रजा. दक्षिण गुजरातेत सवर्ण ते उजळीपरज आणि गामीत, चौधरी, धोडिया हे सगळे काळीपरज. नाव ठेवणारे अर्थातच उजळ.

"आदिवासी लिहा ना."

मनात होतं, पण कसं लिहू? 'आदि' आणि 'वासी' दोन्ही जुने, जोडशब्द मात्र १९३० च्या दशकात रुळला. आदिवासींमध्ये काम करणाऱ्या ठक्कर बाप्पांनी तो पसरवला, रांचीकडे १९३८ मध्ये आदिवासी महासभा उभी राहिली. गुजरातेत त्याआधीच, १९२० च्या दशकात, गांधीजींच्या कार्यकर्त्यांनी काळीपरजचं 'रानीपरज' केलं होतं.

"राणीची प्रजा?" वडील हसले.

"रानातली. नळातला न, बाणातला ण नाही."

पुढे संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा 'आदिवासी' या शब्दासाठी भांडले. हिंदी भाषांतरातला 'बनजाति' त्यांना खटकला होता. म्हणजे तिथेही गोची भाषांतरकाराचीच! शेवटी संविधानात 'अनुसूचित जमाती' आलं. महाराष्ट्राच्या यादीत गामीत, गामता, गावित, मावची, पाडवी एकाच नोंदीत आहेत, म्हणून मुलीचं काम 'गामीत'वरच भागणार होतं. काळीपरज गाळलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण दाखल्यात आहे ते गाळायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. आणि बदलायचं तर मुळीच नाही.

'काळी प्रजा' खोडून मूळचं 'काळीपरज' तसंच ठेवलं. खाली टीप दिली: दक्षिण गुजरातेतील आदिवासी समूहांसाठी तत्कालीन, हीनतादर्शक शब्द.

प्रिंट हातात घेऊन मुलीने दोनदा वाचलं.

"ताई, टीपेचा टाइप मोठा करा ना."

पान दुसऱ्यांदा छापलं. पैसे एकाच पानाचे घेतले.