फेब्रुवारीतली कुलपं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही बहिणी अजूनही माहेरी जमतो. आईवडील गेले, तरी भाऊ-वहिनी आठ दिवस आधीपासून फोन करतात. यंदा धाकटीची मुलगी लॅपटॉप घेऊनच आली. पुण्याला अर्थशास्त्रात एमए करते. अंगणात निंबाखाली खाट टाकून बसली आणि म्हणाली, "मावशी, जनगणनेच्या तक्त्यांवरून मला धुळे-नंदुरबारमधल्या समाजगटांचा रोजगार आणि उत्पन्न काढायचंय. रोजगार मिळाला, उत्पन्नाचा तक्ताच सापडत नाही."

"सापडायचा नाही. आम्ही विचारलंच नव्हतं."

तिने असं पाहिलं, जणू मीच तो रकाना खाऊन टाकला होता.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. सगळी नोकरी साक्री तालुक्यात गेली, आता निवृत्त आहे. 2011 च्या जनगणनेत प्रगणक होते, म्हणजे घरोघर जाऊन फॉर्म भरणारी. 9 ते 28 फेब्रुवारी, शाळा सुटली की पिशवी घेऊन निघायचं. त्या फॉर्मला घडी घालायची नाही, चुरगळायचा नाही, कारण तो मशीन वाचणार. घरी दिवाणाच्या गादीखाली ठेवायचे मी, सरळ राहावेत म्हणून. त्यात नाव, वय, शिक्षण, जात प्रवर्ग, काम, कामाला कसं जाता, स्थलांतर, मुलं किती, सगळं होतं. पगार किंवा मजुरी किती, हे नव्हतं. आपल्या जनगणनेत ते विचारत नाहीत.

उत्पन्न विचारलं होतं ते त्याच सुमाराच्या वेगळ्या मोजणीत, सामाजिक-आर्थिक व जात गणनेत. तिथेही घरातल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या एकाच माणसाचं, आणि तेही तीन खणांत: महिना पाच हजारांच्या आत, पाच ते दहा, दहाच्या वर. 2015 मध्ये आकडे आले तेव्हा देशातली 74.5 टक्के ग्रामीण घरं पहिल्याच खणात होती. आता ऊसतोडीला जाणारं जोडपं घ्या. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, टनाचा हिशोब कोयत्यावर. त्यात बायकोची कमाई कोणत्या खणात टाकायची? सांगणारा एकच आकडा सांगतो, लिहिणारा एकच लिहितो.

भाचीने तोवर दुसरी वाट काढली होती. उत्पन्न नाही तर नाही, काम करणाऱ्यांचं प्रमाण घेऊ. तिने गावं ओळीने लावली, प्रत्येक गावात आदिवासी लोकसंख्या किती आणि काम करणाऱ्या बायका किती, आणि आलेख काढला. रेघ सरळ वर जात होती. जिथे आदिवासी जास्त तिथे कामकरी बायका जास्त. देशाचे आकडेही तिच्या बाजूने होते: 2011 ला एकूण बायकांत काम करणाऱ्या 25.5 टक्के, महाराष्ट्रात 31 च्या आसपास, आणि देशभरातल्या अनुसूचित जमातींत 43.5 टक्के.

"म्हणजे आदिवासी बायकांना रोजगार जास्त मिळतो," ती म्हणाली.

मी खुरपं पाहिलं होतं, म्हणून मला ते पटेना.

त्याची गोष्ट अशी. माझ्या गटात एक घर होतं, बऱ्यापैकी जमीन, विहीर बागायत, दारात ट्रॅक्टर. (नाव लिहीत नाही. 1948 च्या जनगणना कायद्यात कलम 15 आहे, लोकांनी सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं.) म्हातारे सासरे ओट्यावर बसून उत्तरं देत होते. सुनेचं आलं तेव्हा म्हणाले, "ती काय करस, घरमाच ऱ्हास." तेवढ्यात ती मागच्या दाराने आली. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला खुरपं खोचलेलं, बोटांना कांद्याच्या पातीचा हिरवा रंग आणि वास.

मी विचारलं, "मंग वावरमा कोन जास?"

"मीच जास ना," ती म्हणाली. जणू हा काय प्रश्न झाला.

आम्हाला पुस्तिकेत स्पष्ट सांगितलेलं होतं की बायकांच्या कामाबद्दल खोदून विचारा. मजुरी मिळो न मिळो, घरच्या शेतात राबणं हे काम. घरच्यापुरतं दूध काढायला गाय-म्हैस सांभाळली तरी ते काम. वर्षात सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर सीमांतिक. पण महिने कोण मोजतं? तिला सणांनी मोजता येत होतं. आम्ही दोघींनी ओट्याच्या पायरीवर बसून मोजलं. पेरणीपासून पोळ्यापर्यंत निंदणी, दसऱ्याला बाजरीची कापणी, दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी, संक्रांतीला कांद्याची लावणी, आता कांदा निंदायला. आठ महिने सहज झाले. मी मुख्य लिहिलं. म्हाताऱ्यांना एकच काळजी, यामुळे रेशनकार्डाला काही होणार नाही ना. नाही होणार, म्हटलं, तरी ते माझ्या पेनाकडे बघत राहिले.

भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, मला असं कधी खोदावं लागलं नाही. तिथे बाई स्वतःच म्हणायची, "मजुरी." संपलं. घरात राहते म्हणून सांगण्यात तिला कसला मान नव्हता, आणि बागायतदाराच्या घरी तोच मान होता. तेव्हा दोन गटांतल्या टक्क्यांत जो फरक दिसतो, तो काही कामाचा आहे आणि काही नुसता उत्तराचा. किती कोणता, हे तक्ता सांगत नाही.

आणि आता कबुली. पहिल्या चाळीसेक घरांत मी नीट विचारलं. मग मुदत जवळ आली, पर्यवेक्षक रोज विचारू लागले, माझा धाकटा तापाने फणफणला होता. शेवटच्या घरांत कोणी "घरमाच ऱ्हास" म्हटलं की मी घरकाम लिहून पुढे गेले. त्या गावच्या बायकांचा जो आकडा भाचीच्या आलेखात एक ठिपका होऊन बसलाय, त्यात माझा थकवा आहे. ती हसली, मला नाही हसू आलं.

मग कुलपांचं निघालं. घरयादी, म्हणजे माणसं मोजण्याआधी घरांची नोंद, 2010 च्या उन्हाळ्यात झाली होती. भिलाटीत तेव्हा घर न घर भरलेलं, भिंतींवर गेरूने नंबर टाकताना पोरं मागेमागे. फेब्रुवारीत त्याच नंबरांच्या दारांना कुलपं. कुठे कुलूपही नाही, नुसती काटेरी फांदी आडवी लावलेली. सगळे कोंडाईबारीचा घाट उतरून गुजरातेत, बारडोलीकडे ऊसतोडीला. दिवाळीनंतर जातात, आखाजीच्या आसपास येतात. नियम असा की मोजणीचा पूर्ण काळ जो बाहेर आहे त्याला त्याच्या घरी मोजायचं नाही, जिथे असेल तिथे मोजायचं. ऊसतोड्यांच्या पडावावर, म्हणजे तळावर, कोणी पोचलं असेल तर ते गुजरातच्या खात्यात गेले. माझ्या गावात उरले ते म्हातारे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेतली लेकरं, आणि दोघांचंही उत्तर 'काम करत नाही'. म्हणजे ज्या वस्तीत सगळ्यात जास्त हात राबतात, तीच माझ्या फॉर्मांवर रिकामटेकडी.

"मग माझी रेघ?" भाची म्हणाली.

"रेघ खोटी नाही. कुलपं धरली असती तर आणखी वर गेली असती." रोजगार जास्त म्हणजे बरं चाललंय, एवढं मात्र त्यातून काढू नको म्हटलं. ज्या घरात एक हात बसला तर चूल बसते, तिथे सगळेच हात कामाला लागतात. तिने मग दुसरे आकडे उघडले. देशातल्या अनुसूचित जमातींच्या काम करणाऱ्यांत 2001 ला स्वतःची शेती कसणारे 44.7 टक्के होते, 2011 ला 34.5. शेतमजूर 36.9 वरून 44.5. हे वाचून ती बराच वेळ बोलली नाही. काम होतंच, पण दहा वर्षांत ते आपल्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात गेलं. पैशाचा रकाना नसला तरी खिशाचं काहीतरी यातून कळतं. घरयादीतल्या वस्तूंवरूनही कळतं: सायकल, टीव्ही, मोबाईल, बँकेचं खातं. त्यात 'यापैकी काहीच नाही' असाही एक रकाना आहे, तो आधी बघ म्हटलं. मजुरीचे प्रत्यक्ष रुपये हवे असतील तर 2017 पासूनचं श्रमबल सर्वेक्षण आहे. पण तो निवडक घरांचा नमुना, त्यातून गाव काय, भिलाटी काय, दिसणार नाही.

वहिनी खापरावर मांडे टाकत होती. तिथूनच म्हणाली, "मग आखाजीलाच घ्या ना जनगणना. सगळे घरी असतात."

सगळे असतात, पण बायका माहेरी. निम्म्या तालुक्याच्या सुना भलत्याच गावात मोजल्या गेल्या असत्या. यावर आम्ही पुष्कळ हसलो.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 च्या मध्यरात्रीची धरली आहे. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, ऊस उभा असताना. यावेळी सगळ्यांची जात विचारणार आहेत, स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत पहिल्यांदा. फॉर्म जाऊन मोबाईल आलाय, गादीखाली काही ठेवायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची वही घेऊन भिलाटीत गेली. आदल्या आठवड्यात परतलेली माणसं होती, दारात गोधड्या वाळत घातलेल्या. एकीला तिने विचारलं, यंदा किती महिने काम झालं? बाई म्हणाली, "उचल फिटनी नई अजून." तिने तेच वहीत लिहून आणलं, पुढे महिन्यांची जागा मोकळी ठेवून.