कर्लीच्या खाडीत दशमी-एकादशी

बाबांनी मला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घरी बसवून पाठ करून घेतली होती, शाळेत तोवर ती कुणी विचारत नव्हतं. गणितासाठी नाही, भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. मालवणात थोडं मागेपुढे होतं पण गरवायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. आता मोबाईलवर टाईडची ॲप्स आहेत, माझ्याकडेही आहे, तरी कोकणकन्येचं तिकीट काढायच्या आधी माझा हात भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच जातो. यावेळी कार्तिकातली दशमी शनिवारी आली होती, म्हणजे अंधार पडता पडता पाणी भरणार आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा भरणार. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

गरी टाकून मासे पकडणं म्हणजे आमच्याकडे गरवणं. मी ठाण्यात राहतो, त्रेपन्न वर्षांचा आहे, अकाउंट्समध्ये नोकरी करतो आणि वर्षातून तीन-चार वेळा मालवणजवळ देवबागला आतेकडे गरवायला जातो. यावेळी बॅगेत रॉड आणि रील यांच्याबरोबर ऑफिसचा एक फॉर्मही होता. पन्नाशीच्या वरच्या लोकांना आधी निवृत्ती घ्यायची असेल तर घ्या, म्हणून कंपनीने दिलाय. मुलगा इंजिनिअर होऊन वर्ष झालं, ऑफर लेटर हातात आहे पण जॉइनिंगची तारीख तीनदा पुढे गेली, आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय, की एआय आलं आता तुमचंही काम जाणार आणि माझंही. मला याचं उत्तर माहीत नाही. पण तीन दिवस कुणी काही विचारणार नाही अशा जागी जाऊन बसावं असं फार वाटत होतं.

रात्री ठाण्याला गाडीत बसलो, सकाळी कुडाळ. लहानपणी परळहून एसटीने यायचो, रात्रभर घाट आणि उलट्या, मग 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गाव एका झोपेवर आलं. हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं, गणपतीत त्या रस्त्याने गाडी घेऊन गेलेल्या माणसाला विचारा. कुडाळहून नेरूरपारच्या पुलावरून जाणारा रस्ता मला आवडतो. पुलावर खिडकीतून कर्ली नदी दिसते, तिथे ती शांत आणि रुंद असते, दोन्ही बाजूला माड. पुढे हीच नदी देवबागला समुद्राला मिळते.

देवबाग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाव म्हणजे वाळूची एक लांब पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे रस्ता आणि घरं. काही ठिकाणी तर एका अंगणातून दोन्ही पाणी दिसतात. टुरिस्ट लोकांना हे फार आवडतं पण आतेच्या शेजाऱ्यांचे पाच माड गेल्या काही पावसाळ्यांत समुद्राने घेतले. मे 2021 च्या तौक्ते वादळात पाणी अंगणापर्यंत आलं होतं. आता दगडाचा बंधारा घातलाय, पण आते पावसाळ्यात समुद्राकडच्या खोलीत झोपत नाही.

दुपारी एक-सव्वाला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी होती. मी खाडीच्या बाजूला गेलो तर आठ-दहा बायका गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या, आणि एक आजी एका दगडाला लागलेली कालवं फोडत होती. मी तिच्याजवळ बराच वेळ उभा राहिलो. एका हातात लोखंडी टोचा, दुसऱ्या हाताची बोटं कापडाने गुंडाळलेली, टोचा बरोबर शिंपीच्या सांध्यात बसायचा, एक ठोका, वरचं झाकण उडायचं आणि आतलं करडं मांस बोटाने उचलून डब्यात. डब्यात खाडीचंच थोडं पाणी. दोन तासांत तिचा डबा अर्धासुद्धा भरला नव्हता. मी विचारलं, पूर्वी जास्त मिळायची का. ती म्हणाली, "पूर्वी ह्यो दगड दिसायचो नाय रे, सगळी कालवांच कालवां." मग पुन्हा कामाला लागली, कारण पाणी परतायला लागलं की तिचं काम थांबतं, तिला माझ्यासारखं उद्या परवा करता येत नाही.

आतेभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे इंजिनवाली लहान फायबरची होडी आहे, सीझनमध्ये तो टुरिस्टना डॉल्फिन आणि संगम दाखवतो, बाकी वेळ मासेमारी. पूर्वी नुसती मासेमारी करायचा. त्याचं म्हणणं, रविवारी चार फेऱ्या मारल्या की जाळ्याने आठवडाभरात मिळतं त्यापेक्षा जास्त मिळतं, मग कोण रात्री जागणार. आणि हे सांगताना त्याला बरं वाटत नसतं हे मला कळतं.

संध्याकाळी पाच वाजता निघालो. पलीकडे भोगव्याच्या बाजूला डोंगर पाण्यात उतरतो तिथे दगड आहेत, आणि खाडीत थोडं आत गेलं की चिपी आणि कांदळाची, म्हणजे खारफुटीची झाडं, त्यांची मुळं भरतीत बुडतात. तांबोशी ही मासळी अशाच जागी असते. तिला इंग्रजीत मॅन्ग्रोव्ह जॅक म्हणतात ते बरोबरच आहे. जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, लावून मी दगडाच्या कडेला टाकायला लागलो. पहिल्या तासात एक छोटी तांबोशी आली, वीतभर पण नव्हती, मग दोन शेंगाळे, मग एक काळुंद्र. सगळे सोडले. गरीचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून टाकतो त्यामुळे सोडवायला फार त्रास होत नाही, मासा पाण्यातच धरायचा, गरी फिरवायची, सुटतो.

दादा पहिल्यापासून हे बघत आलाय पण त्याला ते पटत नाही. आणि मला वाटतं त्याचंही चुकत नाही. बाबांनी आयुष्यात एक मासा सोडला नसेल. लाकडाच्या फळीवर तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गरी, एवढंच त्यांचं सामान, आणि मिळेल तो मासा संध्याकाळी सात माणसांत वाटला जायचा. बोटाएवढा असला तरी आमटीत पडायचा. त्यांना तो खायचा होता. मला महिन्याला पगार येतो. माझ्या एका रीलच्या किमतीत त्या कालवांवाल्या आजीचे किती दिवस निघतील याचा हिशोब मी एकदा केला होता आणि नंतर बरेच दिवस नवीन काही घेतलं नाही. मला एवढंच समजतं की जो पोटासाठी पाण्यात उतरतो त्याच्या आधी हौशी माणसाने हात आखडता घ्यायला पाहिजे. बाकी कायदे सरकार करतंच आहे, 2023 मध्ये 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं, 2025 मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, हे सगळं चांगलंच आहे आणि मी प्रत्येक बातमी दादाला फॉरवर्ड करतो.

पण त्या रात्री परत येताना संगमाच्या तोंडाशी दादाने होडी थोडी थांबवली आणि हाताने समोर दाखवलं. लांब क्षितिजावर पांढरा लख्ख उजेडाचा पट्टा. एलईडी. समुद्रात प्रखर दिवे सोडायचे, त्या उजेडाला लहानमोठे सगळे मासे गोळा होतात आणि मग जाळ्याने घेरून एका वेळी उचलायचे. 2017 पासून बंदी आहे. दादा काही बोलला नाही, मीही नाही. 1 जून ते 31 जुलै दोन महिने यांत्रिक बोटी बंद ठेवायच्या, माशांना अंडी घालू द्यायची, आणि मग उरलेल्या दहा महिन्यांत समुद्रात असे दिवे लावायचे, याला काय म्हणायचं. मला राग येतो. ठाण्यात बसून येतो त्यापेक्षा होडीत बसल्यावर जास्त येतो.

घरी आलो तर आते म्हणाली, "उद्या एकादशी हा रे, मासो घरात आणू नको." तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तरी पहाटे साडेपाचला निघालोच. मतलई वारा सुटला होता, तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो त्यामुळे पाणी तेलासारखं सपाट, आणि अंगावर स्वेटर हवासा वाटेल इतपत गार. अकराची पाऊणकी सव्वाआठ, म्हणजे शेवटचे दोन-अडीच तास भरतीचे, गरवायला याच्यासारखी वेळ नाही. कांदळाच्या मुळांत पाणी शिरत होतं तसा चिखलातून बुडबुड्यांचा आवाज येत होता. लांब एक पाणमांजर डोकं वर काढून आमच्याकडे बघत पोहत गेलं. दादाने विडी पेटवली नाही, एकादशी म्हणून.

सात वाजता काठी वाकली. वाकली म्हणजे कुणी झटका मारावा तशी खालीच गेली, टोक पाण्यात. तांबोशी गरी घेतली की पहिल्या दोन सेकंदांत परत तिच्या दगडात घुसते, तिथे घुसली की तंगूस घासून तुटते, संपलं. म्हणून रील आधीच घट्ट आवळून ठेवावी लागते आणि त्या दोन सेकंदांत एक इंचही द्यायचा नाही. दादा ओरडला, "दगडात घुसतली ती, ओढ मेल्या!" आणि त्यानेच वल्हं मारून होडी एका झटक्यात झाडांपासून बाहेर काढली. ते त्याने केलं नसतं तर मासा गेला होता. मग मोकळ्या पाण्यात चार-पाच मिनिटं ती खाली खाली जात राहिली, मी हळूहळू वर घेत राहिलो, दंड दुखायला लागले.

वर आली तेव्हा सूर्य नुकताच माडांवर आला होता. तांब्याचं भांडं चिंचेने घासल्यावर जो रंग येतो तो रंग. पाठीवर गडद, पोटाकडे फिकट होत गेलेला, प्रत्येक खवल्याच्या कडेला बारीक उजळ रेघ, वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे. तीन किलोच्या वर असेल. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी.

आता तांबोशीबद्दल एक गोष्ट मला पन्नाशीला कळली, बाबांना माहीत नसावी. ही खाडीत राहते ती लहानपणीची काही वर्षं. पूर्ण वाढली की खाडी सोडून बाहेर खोल समुद्रातल्या खडकांत जाते आणि तिथे अंडी घालते. म्हणजे खाडीत जेवढ्या तांबोश्या दिसतात त्यातल्या बहुतेकींनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. जिताडा म्हणून दुसरा मासा आहे त्याचं आणखी वेगळं, तो नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे खूप मोठा जिताडा मिळाला की ती बहुतेक मादीच. हे वाचल्यापासून मोठा मासा हातात आला की मला त्याच्या पुढच्या प्रवासाचंच सुचतं. ही तीन किलोची तर आता निघायच्या बेतात असणार.

दादा म्हणाला, "फ्रीजात ठेवया, उद्या बारशीक करूया." बारस म्हणजे एकादशीनंतरची द्वादशी. बरोबरच होतं त्याचं. बाहेर विकली असती तरी दीड-दोन हजार कुठे गेले नसते, आणि होडी त्याची, डिझेल त्याचं, वल्हं मारून मासा वाचवला तो त्यानेच. म्हणून मी त्याला विचारलं, दादा, सोडू का. मासा पाण्यातच धरला होता, तोंड प्रवाहाकडे. तो बराच वेळ त्या माशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सोड. आज एकादशी हा." मी हात सैल केला तरी ती जागेवरच होती, कल्ले हळूहळू उघडमिट होत होते, मी शेपटीकडे हलकेच पुढेमागे करत राहिलो, आणि मग एकदम तिने शेपूट मारली, आमच्या दोघांच्या तोंडावर पाणी, आणि खाली फक्त हिरवं पाणी.

आते मागच्या पडवीत रताळी उकडत बसली होती. दादाने तिला सगळं सांगितलं, हाताने मापही दाखवलं. मला वाटलं ती रागावेल, तीन किलोची तांबोशी म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीन पण एकदा असाच केल्यान. एकादशीक ही एवढी तांबोशी घेवन इलो. माझी आवस म्हणता, घरात आणू नको. मग काय करतलो? टोपलीत घातल्यान आणि बावीत सोडल्यान, पाण्याच्या वर, थंडाव्याक. रातभर दोनदा उठान बघून इलो, मांजर उतराक नाय मा म्हणान. बारशीक सकाळी कापली तर ताजी."

ही गोष्ट बाबांनी मला कधी सांगितली नव्हती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी रताळं तसंच हातात घेऊन मागे विहिरीवर गेलो. आता तिच्यावर जाळी आहे आणि मोटर बसवलीय, पण रहाटाच्या बाजूच्या लाकडात एक जुनी लोखंडी कडी अजून आहे, गंजून लाकडाच्याच रंगाची झालेली. टोपली त्याच कडीला टांगली असेल की दुसरीकडे, ते आतेला आठवत नव्हतं. मी खाली वाकून बघत राहिलो बराच वेळ.

फॉर्म बॅगेतून बाहेर काढलाच नाही, तसाच परत आणला. सोमवारी निघताना दादाने माझा रॉड पुसून कव्हरमध्ये घालून दिला, हे त्याने पहिल्यांदाच केलं. होडीच्या डिझेलचे पैसे नेहमीसारखे त्याने घेतले नाहीत, नेहमीसारखे मी आतेच्या डब्याखाली ठेवले. कुडाळच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना मोबाईलवर माघ महिना काढला आणि त्याला फोन लावला. म्हटलं, दादा, माघातल्या दशमीला सुट्टी टाकतोय. तो म्हणाला, "साडेसात. पाच वाजता निघाक व्हया."