कापूर मागवला आणि परचेसमध्ये अडकले

माझं पीएचडीचं काम सक्सिनोनायट्राइल (मेणासारखं एक रसायन) आणि कापूर यांच्या युटेक्टिकवर, म्हणजे ज्या ठरावीक प्रमाणात दोन्ही पदार्थ एकदमच, सगळ्यात कमी तापमानाला गोठतात त्या मिश्रणावर. हे मिश्रण धातूसारखंच गोठतं पण पारदर्शक असतं, त्यामुळे दोन काचांच्या फटीत भरून गरम बाजूकडून थंड बाजूकडे हळूहळू सरकवलं की कापराच्या बारीक काड्या वाढताना मायक्रोस्कोपखाली लाइव्ह दिसतात. काचेचे सेल, मोटर, हीटर सगळं पटापट जमलं.

अडलं ते परचेस सेक्शनमध्ये. फॉर्मवर डी-कॅम्फर (फक्त उजव्या रेणूंचा कापूर), हाय प्युरिटी असं लिहिलेलं, तर फाईल परत, शेरा काय, "स्थानिक बाजारात स्वस्तात उपलब्ध". भेटायला गेले तर साहेब म्हणतात, "मॅडम, कापूर तर किराणा दुकानात भेटते ना, हे काहून मागवता?" आता काय बोलणार! सांगितलं की पूजेचा कापूर बहुतेक टर्पेंटाइनपासून बनवतात, त्यात उजवे-डावे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, दोन्ही रेणू निम्मे निम्मे असतात, वर आणखी काय मिसळलेलं असेल देव जाणे, आणि तिसरा पदार्थ आत शिरला की गोठणारी सपाट कड फुगून बोटांसारख्या कॉलनी होतात, मग काड्यांमधलं अंतर काय कपाळ मोजणार? "हेच लिहून द्या." दिलं. मग गाईडची सही, तर सर बाहेरगावी. मग तीन कोटेशन, त्यातल्या एकात जीएसटी वेगळा दाखवला नाही म्हणून पुन्हा फाईल खाली, आणि तेवढ्यात मार्च एंड, बजेट लॅप्स! म्हणून सांगते, अमुक ग्रेडच का हवा ते पहिल्याच फॉर्मवर दोन ओळीत लिहून टाका आणि दिवाळीनंतर लगेच फाईल पुढे ढकला.

बाटली हातात पडली तेव्हा मे महिना. हे मिश्रण ३८ अंशांच्या आसपास वितळतं आणि नागपूरचा मे तुम्हाला माहितीच आहे, एसी बंद राहिला की सगळं पातळ. फ्रिजमध्ये ठेवा. सक्सिनोनायट्राइल विषारी आहे, ग्लोव्हज आणि फ्यूम हूडशिवाय (वाफा ओढून घेणारं कपाट) हात लावू नका.

रन सुरू झाल्यावर मात्र घाई करू नका, सेकंदाला ०.१ मायक्रॉन वेगाने १ मिलिमीटर जायलाच पावणेतीन तास लागतात. पण वेग चौपट केल्यावर काड्यांमधलं अंतर जवळपास निम्मं झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ना, परचेसवाल्या साहेबांना बोलावून दाखवावंसं वाटलं.

हां, वजनाचं राहिलंच. कापूर वजनाने २३.६ टक्के लागतो आणि तो उघड्यावर उडतो, म्हणून झाकणाच्या बाटलीतच तोला, नाहीतर प्रमाण हुकतं आणि युटेक्टिकच्या आधी डेंड्राइट (झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक) दिसायला लागतात.