वहीचा अकरावा महिना: नाक, गोंगाट आणि तेच सूप पुन्हा

मंडळी, अपडेट द्यायला यावेळी उशीर झाला, पण सांगण्यासारखंही बरंच साठलंय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, गेले अकरा महिने मी बाहेर जेवायला जाताना खिशात मावेल अशी वही नेतो आणि जे खाल्लं त्याची तिथेच बसून नोंद करतो. आत्तापर्यंत ४३ जेवणं झाली. मी काही या धंद्यातला नाही, स्वयंपाकही बेताचाच येतो, पण खायला मनापासून आवडतं आणि आपण काय खातोय ते नीट कळावं एवढीच इच्छा आहे.

काल पहिली पानं परत वाचली. छान, मस्त, ठीकठाक, जरा जास्त तिखट, पुन्हा यायला हरकत नाही. पहिल्या बारा जेवणांचं सगळं एवढंच, आणि आज ते वाचून त्यातला एकही पदार्थ डोळ्यांसमोर येत नाही. तेव्हापासून स्वतःला एक नियम घातला, की "छान" लिहायचं असेल तर पुढे "कारण" लिहायचंच. या एका शब्दाने माझी वही बदलली, खरंच.

सगळ्यात मोठी प्रगती नाकाची. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणीतरी सांगितलं म्हणून नाक चिमटीत धरून एक फळाची गोळी तोंडात टाकली, तर फक्त गोड आणि आंबट, बाकी काही नाही, आणि चिमटी सोडली त्या क्षणी संत्रं आलं. अक्षरशः आलं, मागून, घशाच्या बाजूने. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला फार मोठा वाटा वासाचा असतो, आणि तो वास चावताना तोंडाच्या मागून नाकात चढतो. जिभेला स्वतःला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे तोंड भरून टाकणारी रुचकर चव, एवढंच. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा बऱ्याच जणांनी पाहिलाय तो चुकीचा आहे बरं का, १९०१ सालच्या एका जर्मन संशोधनाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला त्यातनं तो पसरला, प्रत्यक्षात जिभेवर जिथे जिथे स्वादकलिका आहेत तिथे पाचही चवी कळतात. मी तर सुरुवातीला त्या नकाशाप्रमाणे घास जिभेवर फिरवून बघायचो आणि काही जमत नाही म्हणून उगाच निराश व्हायचो. आता घास गिळला की तोंड मिटून हळू श्वास नाकातून बाहेर सोडतो, आणि वहीतल्या निम्म्या नोंदी त्या एका श्वासाच्या आहेत. सर्दी असेल तर त्या दिवशी वही घरीच ठेवतो.

आता मुख्य गोष्ट, सूपची.

सातव्या महिन्यात एका ठिकाणी मशरूम आणि टोमॅटोचं सूप घेतलं. शनिवारची रात्र, हॉल गच्च भरलेला, मला टेबल मिळालं ते स्पीकरच्या बरोब्बर खाली, समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. सूप मिळमिळीत लागलं, मीठ कमी, टोमॅटोचा गोडवा नाही, आणि मी वहीत चक्क "जीव नाही" असं लिहून मोकळा झालो. पुढे दोन महिन्यांनी आवाजाबद्दल वाचनात आलं. मोठ्या गोंगाटात लोकांना खारट आणि गोड दोन्ही कमी जाणवतं असं प्रयोगात दिसलंय. त्याच्याही आधी २००४ मध्ये ऑक्सफर्डचे संशोधक चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले होते, आणि चावण्याचा आवाज वाढवला की तोच चिप जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटायचा. हे वाचलं आणि मला ते स्पीकरखालचं टेबल आठवलं, आणि मनाला लागलं, कारण ज्या माणसाने ते सूप केलं त्याच्यावर मी शेरा मारला होता.

म्हणून परत गेलो. यावेळी दुपारी, उघडल्या उघडल्या, खिडकीजवळ. तेच सूप. वाटी आल्यावर आधी काहीच लिहिलं नाही, वाफ बघितली, वास घेतला, चमचा कडेला टेकवून थोडं निवू दिलं. पहिल्या चमच्याला आंबट आधी आलं, पाठोपाठ एक खोल, तोंड भरून टाकणारी चव, जी गिळल्यावरही जिभेच्या कडांना रेंगाळत राहिली आणि तोंडाला पाणी सुटलं. हीच उमामी. १९०८ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव देणारा पदार्थ, ग्लुटामेट, वेगळा काढून या चवीला नाव दिलं. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, वाळलेल्या मशरूममध्ये उमामी वाढवणारा ग्वानिलेट हा दुसरा पदार्थ असतो, आणि दोन्ही एकत्र आली की उमामी नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटीने वाढते. वाढणाऱ्या दादांना विचारलं तर म्हणाले, हो, वाळवलेले मशरूम भिजवून त्याचं पाणी पण घालतात. मला इतका आनंद झाला काय सांगू! मी ते आधी तोंडात ओळखलं होतं आणि उत्तर नंतर मिळालं, असं अकरा महिन्यांत पहिल्यांदाच घडलं.

जुना शेरा खोडला नाही, शेजारी तारीख आणि "स्पीकर" एवढं लिहिलं. आता प्रत्येक नोंदीच्या वर वेळ, टेबल कुठे होतं, आवाज किती आणि मला भूक किती होती हे चार रकाने असतात. रेस्टॉरंटना स्टार देणाऱ्या मिशलिन गाइडचे इन्स्पेक्टर ओळख न देता जातात, बिल स्वतः भरतात, आणि स्टार द्यायचा तर एकाच भेटीवर ठरवत नाहीत, त्यामागचं कारण मला या सूपमुळे पुरतं पटलं. माझ्याकडून पण आता एका भेटीवर वाईट शेरा नाही.

तिखटाबद्दल फार काही नाही, एवढंच की ती चव नव्हे, मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या रिसेप्टरला, म्हणजे मज्जातंतूंवरच्या संवेदकाला, चेतवतं, म्हणून भाजल्यासारखं होतं. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पाण्याने फारसं भागत नाही, दुधाने भागतं. म्हणून तिखट पदार्थ मी शेवटी चाखतो, नाहीतर पुढच्या सगळ्या नोंदी बिघडतात.

अजून एक सवय लागलीये, प्लेट आली की आधी रंग बघायचा. भाजलेल्या वस्तूला खरपूस तपकिरी रंग येतो तो मायार प्रक्रियेने, म्हणजे तापल्यावर पदार्थातली प्रथिनं आणि साखर यांच्यात होणाऱ्या रासायनिक क्रियेने, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. ती जोमात यायला साधारण १४० अंश सेल्सिअस लागतात, आणि पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडून जाईपर्यंत तापमान १०० च्या वर जातच नाही. त्यामुळे भाज्या फिकट आणि खाली पाणी सुटलेलं असं आलं की बहुतेक वेळा तवा गार होता किंवा एकदम खूप माल टाकला होता. गेल्या महिन्यात एका ठिकाणी अगदी असंच आलं, आठच्या गर्दीत. मी नम्रपणे सांगितलं, त्यांनी दुसरी प्लेट करून दिली, तिच्यातल्या भाज्यांच्या कडा छान खरपूस होत्या आणि वास टेबलावर यायच्या आधीच नाकात आला. सांगायला मला आधी फार संकोच वाटायचा. पण कारण नीट सांगता आलं की समोरचाही आपुलकीने ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

अडतंय कुठे तर कडू. कडूच्या छटा अजून वेगळ्या करता येत नाहीत, कॉफीचा कडू आणि करपलेल्याचा कडू माझ्या वहीत एकच आहेत. कुणी सराव केला असेल तर जरूर सांगा. शनिवारी त्या सूपसाठी तिसऱ्यांदा जातोय, मुद्दाम रात्री, आणि जमलं तर त्याच स्पीकरखाली बसणार आहे. अर्धी वाटी तिथे, अर्धी बाहेरच्या बाकावर. नोंद टाकतोच.